सारजाची ओळ

सारजाचा आवाज मेंढरांमागं घडलेला. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तरी घरातला कळप सुटला नव्हता. कोऱ्हाळ्याच्या माळावर पोरीनं हाळी दिली की कालव्यापलीकडची मेंढी मान वर करायची. लग्न होऊन ती बारामतीत आली, दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि चर्चच्या तात्याबा मास्तरांनी तिला गाणाऱ्यांच्या रांगेत उभी केली.

उपासनेत एक गीत मंडळींनी म्हणायचं नसतं. प्रार्थना संपल्या की मंडळी बसतात, गाणारे उभे राहतात आणि सगळ्यांच्या वतीनं गातात. बाकीच्यांनी ओठ मिटून ऐकायचं. त्या गीतातली मधली ओळ सारजा एकटी गायची. बायाबापड्या डोळे पुसायच्या.

आणि पायपेटीवर कोण? तिचा नवरा, कुंडलिक. त्याच्या पेटीचं कुणी नाव काढायचं नाही, तेच त्याच्या पोटात दुखायचं. घरी आला की सुरू. कधी पट्टा, कधी चुलीतलं लाकूड. चौऱ्याण्णवच्या ईस्टरआधी तर त्यानं टिकावाचा दांडाच घातला. सारजाचा जबडा मोडला, दात चुलीपुढं पडले. "न्हाणीत पाय घसरला तिचा," असं मेल्यानं गावभर सांगितलं. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! डॉक्टरांनी तिचं तोंड तारेनं आवळून बांधलं.

तालमीला तात्याबा म्हणाले, "सारजे, यंदा तुजी ओळ छकुली म्हणंल."

सारजानं शेजारच्या छकुलीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि मान हलवली. म्हातारे मास्तर समजले. ओळ रिकामी ठेवायची. काय मोडलंय ते मंडळींना ऐकू दे. तिला एवढंच हवं होतं.

ईस्टरला चर्च गच्च भरलं. सुजलेलं तोंड पदरानं न झाकता सारजा रांगेत उभी राहिली. तिची ओळ आली आणि गाणारे थांबले. पण कुंडलिक थांबला नाही. त्यानं तीच ओळ पेटीवर घोळवून घोळवून वाजवली, वर मान डोलावली. आज पहिल्यांदा सगळं चर्च त्याची पेटी ऐकत होतं. पुढच्या बाकावरचे एक आबा तर चक्क "वा!" म्हणाले.

सारजाच्या अंगाची आग आग झाली. जबडा मोडला तो मोडला, आता ओळही घेतली की या मुडद्यानं! ती तरातरा पेटीपाशी गेली आणि सागवानी झाकण दोन्ही हातांनी त्याच्या बोटांवर आपटलं. कुंडलिक गुरासारखा ओरडला. तिनं अंगाचा भार टाकून परत दाबलं. बोटं मोडल्याचा आवाज आबांपर्यंत गेला.

"अगं, देवाच्या घरात!" पाळकसाहेब किंचाळले.

"साहेब, तिचा जबडा मोडला तवा तुमी गप बसला," तात्याबा म्हणाले, "आताबी बसा. गीत अजून संपल्यालं न्हाय."

दोघांनी रक्ताळलेल्या कुंडलिकला बाहेर नेलं. गाणाऱ्यांनी पेटीशिवाय गीत पहिल्यापासून धरलं. सारजाची ओळ आली तसे सगळे थांबले. या खेपेला काहीच वाजलं नाही. सारजा तारांतून श्वास घेत उभी होती, आणि ती ओळ पुरी होईपर्यंत मंडळींना ऐकत बसावंच लागलं.