सूक्ष्मदर्शकाखालचं सुतक

आमच्या मत्स्य महाविद्यालयातला महसीर माशाचा नर गेल्या महिन्यात गेला. मागे राहिली ती त्याच्या गोठवलेल्या शुक्राणूंची एकच नळी. गोठताना बर्फाचे काटे टोचू नयेत म्हणून त्यांत संरक्षक द्रव मीच मिसळला होता; तो जास्त पडला तर विषच. आज मादीची सोनेरी अंडी परातीत काढून ठेवली, नळी कोमट पाण्यात धरली आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. सगळे निपचित! माझ्या हातून एक घराणं बुडालं, म्हणून मी सुतकी चेहरा केला.

"पाणी घातलंत का, सर?" सहकारी सुनंदाताईंनी विचारलं.

"कशात?"

"अहो, माशाचे आहेत ते! पाणी लागल्याशिवाय हलतील कशाला?"

हेच मी दरवर्षी पोरांना शिकवतो. गुपचूप थेंबभर पाणी सोडलं आणि काचेवर जत्रा उसळली. जीव कसा भांड्यात पडला! निपचित दिसणं हाच मेल्याचा पुरावा धरला, तर दुपारच्या जेवणानंतर माझंही तेरावं घालावं लागेल. किती गोष्टी अशाच गप्प पडून असतात, आणि आपण रडून मोकळे होतो.

नळीत उरलेलं अंड्यांवर ओतलं. पाणी घालायचं काम मात्र ताईंनी माझ्या हाती दिलं नाही.