चाखबाईंची जीभ

माझ्या सासूबाईंचा जगात कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, पाकिटावर छापलेल्या तारखेवर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच नाही. आमच्या लग्नाच्या जेवणाआधी त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. नवऱ्या मुलाची आई स्वतःचा चमचा घेऊन पातेल्यापातेल्यातून फिरतेय, हे पाहून माझ्या वडिलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवण खोळंबलं, पाहुणे ताटकळले, आणि बऱ्याच वेळाने आतून बाईंचा आवाज आला, “वाढा.” तेव्हा कुठे लोकांच्या पोटात काही पडलं.

हा आईचा स्वभाव नाही, नोकरी आहे, असं नवऱ्याने मला नंतर समजावलं. पण त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. एका मोठ्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्या भाजी चिरायला लागल्या, तेव्हा त्यांचा नवरा नुकताच गेला होता आणि पदरात एक पोर होतं. चिरता चिरता त्या तिथल्या मुख्य झाल्या. त्या स्वयंपाकघराचा नियम असा, की मुलांच्या ताटात काही पडण्याआधी मुख्य बाईंनी प्रत्येक पातेल्यातलं चाखायचं, घड्याळाकडे बघत थांबायचं, आणि सगळं ठीक वाटलं तरच “वाढा” म्हणायचं. पोरं त्यांना चाखबाई म्हणतात. माझी दोन्ही मुलंही त्याच शाळेत जेवतात, त्यामुळे आमच्या घरीही हेच नाव चालतं. त्यांचा तो चमचा स्वच्छ रुमालात गुंडाळलेला, कायम पर्समध्ये असतो.

गेल्या थंडीत त्यांना सणसणीत ताप आला. त्या बऱ्या झाल्या, पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. एकदा भाजी इतकी खारट झाली की आम्हाला घास गिळवेना, आणि त्या निवांत जेवत होत्या. एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, आणि या शेजारच्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होत्या. ज्या बाईला माझ्या हातचा लसूण दारातूनच कच्चा वाटायचा, ती ही बाई! मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “तुला ना, आईच्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.”

मी मूग गिळून बसले. कारण सासूबाई यंदा निवृत्त व्हायच्या होत्या, पण मुख्याध्यापिकांनीच त्यांना आणखी एक वर्ष थांबायला सांगितलं होतं. त्या आनंदाने तरुण झाल्यासारख्या दिसत होत्या. सुट्टी संपली की त्या पुन्हा चमचा घेऊन उभ्या राहणार, आणि त्यांच्या एका शब्दावर शाळाभर पोरं जेवणार, त्यात माझीही दोन. माझी शंका खरी असली तर मुलांना धोका होता. खोटी असली तर सासूची नोकरी घालवणारी सून म्हणून माझं नाव निघालं असतं. दोन्हीकडून माझीच पंचाईत.

अशात नवऱ्याने क्रूझचं काढलं. “बोटीवरचं अन्न? कोणी शिजवलं, कधी शिजवलं, देव जाणे,” म्हणून सासूबाईंनी साफ नकार दिला. मग त्यांनी माहितीपत्रकातला जेवणाच्या दालनाचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. आणि म्हणाल्या, “जाऊ या.” मला तेव्हाच खटकलं.

बोटीवर मुलांसाठी एक खास टेबल होतं, ‘शूर जिभांचं टेबल’. कधी न खाल्लेला पदार्थ खाल्ला की शर्टावर माशाचं स्टिकर. माझा धाकटा म्हणजे बकासुर. त्याला स्टिकरही हवं होतं आणि पदार्थही. थोरलीला आम्ही वकील म्हणतो. तिला समोरच्या ताटाची उलटतपासणी घेतल्याशिवाय घास जात नाही. चाखबाईंची नात शोभते.

पहिल्याच संध्याकाळी वेटरने झाकण उचललं, तर खाली ऑक्टोपस, आपले सगळे पाय पसरून.

“याचे पाय हलतायत,” वकील म्हणाली.

“बोट हलतेय,” बकासुर म्हणाला. “मला मोठा पाय.”

“हात मागे! आधी मी,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उघडली. मग वेटरकडे बघत माझ्या कानाशी लागल्या, “हा एवढा का हसतोय गं? काहीतरी लपवतोय.”

बिचारा पगारापुरता हसत होता. सासूबाईंनी तुकडा उलटापालटा केला, तोंडात टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. आजूबाजूची कुटुंबं जेवून गोडावर आली होती. आमची दोन पोरं आजी आता पडते की मग पडते, अशा नजरेने तिच्याकडे बघत होती.

“आजी, पोटात कसं वाटतंय?” वकिलाने विचारलं.

“ठीक आहे. वाढा.”

बकासुराला स्टिकर मिळालं. वकिलाने एका पायाचं टोक जिभेला लावलं आणि आपली हरकत नोंदवली. पण माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. डोळे मिटून, सावकाश चावत होत्या. बाहेर कापलेलं फळसुद्धा न खाणारी ही बाई, आणि ऑक्टोपस मिटक्या मारत? पण मिटक्या नव्हत्याच त्या. काहीतरी हरवलेलं शोधावं तसं ते चावणं होतं.

पुढेही तेच. लोण्यातल्या गोगलगायी आल्या, आधी मी. निळी बुरशी आलेलं चीज आलं, ज्याच्या वासाने शेजारच्या टेबलावरचे आजोबा खुर्ची घेऊन लांब सरकले, तेही आधी मी. घरात असलं काही दिसतं तर त्यांनी डबा, फडकं आणि मला, तिघांनाही बाहेर काढलं असतं. इथे मात्र ते नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला आणि खाल्लं.

“कसं आहे?”

“ठीक आहे.”

त्या दिवशी वकील डेकवर मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, मला आजीचा संशय येतोय. ती सगळ्यालाच ठीक आहे म्हणते. गोगलगायीलाही ठीक, चीजलाही ठीक, आणि ती कडूजहर पानं होती ना, तीही ठीक. मग ती चाखते काय?”

मी म्हटलं, “जा, खेळ जा.” पण आता संशय घेणारी मी एकटी नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही सगळे केबिनमध्ये होतो. बकासुराने बॅगेतून एक झाकलेली वाटी काढली. कस्टर्ड.

“कुठून आणलंस?” सासूबाईंनी कान टवकारले.

“आत्ताच आणलं, वरून.”

खरं तर त्याने ते आदल्या दिवशीच्या जेवणातून लंपास करून बॅगेत, उकाड्यात दडवलं होतं. आजीने थांबवल्याशिवाय एकदा तरी मनासारखं खाता यावं म्हणून. आता बाहेर काढलं आणि नेमकी आजी समोर.

“आधी मी.” सासूबाईंनी चमचा काढला. एक घास घेतला, दुसरा घेतला, घड्याळाकडे बघितलं. आम्ही कोणी वर मानही केली नाही. साधं दुधाचं गोड, त्यात काय बघायचं?

“खा,” त्या म्हणाल्या.

बकासुराने भलामोठा घास घेतला. त्याचा चेहरा पिळवटला, त्याने घास थुंकला, आणि मग बाथरूमकडे पळता पळता गालिच्यावरच ओकला. “आजी, हे आंबलंय!” तो रडत ओरडला. “तू खाल्लंस ना? तू चाखलंस ना?”

त्याचं तोंड धुवून, पाणी पाजून मी बाहेर आले, तेव्हा सासूबाई वाटी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती नाकाशी नेली. मग नाक जवळजवळ वाटीत घातलं. पुन्हा वास घेतला. आणि वाटी माझ्यापुढे धरली.

“तू बघ.”

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला ‘तू बघ’ म्हटलं होतं. वाटी हातभर लांब होती तरी वास आला. “आंबलंय, आई.”

“मला नाही कळलं.”

नवरा मध्ये पडला, “अगं आई, घाईगडबडीत होतं असं...”

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. “घाई नव्हती. मला काहीच लागत नाही. थंडीतल्या त्या तापापासून. वास नाही, चव नाही. तोंडात नुसतं मऊ आणि कडक कळतं.”

मग वकिलाने हळूच विचारलं, “मग तू ऑक्टोपस का खाल्लास?”

“म्हटलं, बोटीवर इतक्या तऱ्हेचं खायला असतं, एखादी तरी चव लागेल. घरचं लागत नाही तर नाही, जगावेगळं तरी लागेल. म्हणून आले मी.” त्यांनी चमचा रुमालाने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. “शाळेत डोळ्यांनी आणि सवयीने निभावून नेलं. नशीब, पोरांना काही झालं नाही. पण झालं असतं तर? आज आपलंच पोर ओकलं.”

इतके दिवस मी बरोबर होते. तरीही मला बरोबर असल्याचा अजिबात आनंद झाला नाही, उलट रडूच आलं. नवरा म्हणाला की डॉक्टरांना दाखवू, परत येईल चव. त्या म्हणाल्या, “येईल तेव्हा येईल. बंदर लागलं की मी मुख्याध्यापिकांना फोन करणार आहे. त्यांना म्हणावं, दुसरी बाई बघा.” आवाज स्थिर होता. चमचा त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी शूर जिभांच्या टेबलावर काळ्याकुट्ट शाईत शिजवलेला मासा आला. बकासुराचं पोट एव्हाना ठणठणीत झालं होतं आणि त्याला शेवटचं स्टिकर खुणावत होतं. वेटरने झाकण उचललं. सवयीने सासूबाईंचा हात पर्समध्ये गेला, चमचा बाहेर आला, आणि ताटाच्या वरच थांबला.

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्यांनी चमचा वळवला आणि वकिलापुढे धरला. “आधी तू.”

वकिलाने माशाकडे पाहिलं, वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या पोरीने आठवडाभर प्रत्येक पदार्थाशी भांडण केलं होतं. तिने चमचा घेतला. आधी वास घेतला, मग एक तुकडा तोंडात टाकला, आणि अगदी सावकाश चावला. चमचा ताटाच्या कडेला ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

“काय झालं? वाईट आहे?” बकासुर अस्वस्थ झाला.

“थांब.”

जेवण निवत होतं. वेटरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. सासूबाई हात मांडीवर ठेवून नातीच्या ओठांकडे बघत होत्या.

“खारट आहे,” वकील म्हणाली. ती आजीला सांगत होती, आम्हाला नाही. “खाऱ्या वाऱ्यात तोंड उघडलं की लागतं ना, तसं. आणि मागून थोडं गोड. खराब नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

वकिलाने आणखी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग पाठ ताठ करून वेटरला म्हणाली, “वाढा.”

बकासुराने ताट उचललं, पण मी त्याचा हात धरला. चाखण्यापलीकडे मुलांच्या आधी कधी एक घासही न घेतलेल्या माझ्या सासूबाईंनी आपलं ताट पुढे केलं होतं.