फॉर्ममध्ये मिश्रीचा रकाना नव्हता

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं, कारण चूक माझी आहे आणि सांगायची लाज वाटते. पण गुरुवार जवळ आलाय.

बिबवेवाडीत आमच्या रूमच्या खालीच गोदाबाई मावशींची मेस आहे. मावशी मूळच्या मांजरी गावच्या. नवरा गेला तेव्हा इथे येऊन पोळ्या लाटायला लागल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली. रोज साठ डबे! सोबत मुलगी मैना. मैना सव्वीस वर्षांची आहे, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. कणकेचे उंडे मात्र असे करते की एकही लहानमोठा नाही.

मावशींना एकच काळजी. "माझ्यामागं हिला कोन बघंल?" म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पंचवीस लाखांचा टर्म इन्शुरन्स काढला. त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे मैनासाठी. नारायण पेठेतल्या श्यामसुंदर काकांनी, म्हणजे एजंटनी, फोनवर फॉर्मची लिंक पाठवली. मावशींना वाचता येत नाही. म्हणाल्या, "ऋतुजा, तूच भर. तुझी बोटं लई पळत्यात."

पळालीच. मला लेक्चरला जायचं होतं.

"मावशी, दारू?"

"आगं गप, बये!"

"सिगारेट? तंबाखू?"

"मी काय तंबाखू खाती व्हय? ते आमच्या संभाजीला इचार!"

संभाजी म्हणजे त्यांचा भाऊ. आम्ही दोघी हसलो आणि मी 'नाही'वर टिक केली.

खरं सांगते, मावशी खोटं बोलल्या नाहीत. त्या मिश्री लावतात. दिवसातून चार वेळा मोरीपाशी बसून ती काळी पूड दातांना घासायची. त्यांची आई लावायची, माझी आजीपण लावायची. आमच्या डोक्यात ते दात घासणंच. ती तंबाखू भाजूनच करतात हे मला माहीत होतं यार, पण त्या क्षणी सुचलंच नाही!

दिवाळीनंतर त्यांच्या गालात आतून जखम झाली. भरेचना. तपासलं तर कॅन्सर. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, मिश्री, तीस वर्षं.

मी तशीच काकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मिश्री कशाची करतात असं वाटलं आपल्याला? तुळशीची?" मी रडायला लागले तसे नरमले. "मीही समोर बसून विचारायला हवं होतं. नुसती लिंक पाठवली."

मग त्यांनी समजावलं. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत मावशी गेल्या, तर कंपनी दवाखान्याचे कागद काढून क्लेम नाकारू शकते. आणि आता आपणहून कळवलं, तर पॉलिसीच रद्द करू शकते.

"मग करायचं काय, काका?"

"खरं ते कळवायचं. आणि बसायचं वाट बघत."

कळवलं. फॉर्म मी भरला, मावशींना वाचता येत नाही, सगळं लिहिलं. पाच आठवडे झाले. मेल उघडला की एकच ओळ, 'आपला अर्ज विचाराधीन आहे'. दुसरा विमा आता त्यांना कुणी देणार नाही.

मावशी मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणतात, "तुझी काय चूक? तू इचारलं, मी न्हाई म्हनलं." आणि मैनाने हात लावू नये म्हणून मिश्रीचा डबा स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकून आल्या.

गुरुवारी त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन आहे. नंतर नीट बोलता येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. पैशांचं माझ्या हातात काहीच नाही, काहीच. पण मैना परक्या माणसाच्या हातचं खात नाही. मावशींनी "ह्यो आपलाच हाय गं" म्हटलं, की मगच खाते.

त्यांच्या मेसला कधीही जेवला असाल, तर प्लीज बुधवारपर्यंत जाऊन या. मैनासमोर बसा, आणि मावशींना बोलता येतंय तोवर त्यांना तुमचं नाव तिला सांगू द्या.