हुबाऱ्याचं काळीज

वर्ल्ड कपला चार वर्षं उरली होती. कतारमधल्या अल वक्राच्या स्टेडियमवर छप्पर चढत होतं. शहाजी पवार तिथं पाण्याचा टँकर चालवी, साताऱ्याकडचा पोपटराव नळजोडणी करी. दोघं एकाच खोलीत राहत. तीन वर्षांत शहाजीनं आपली जात सांगितली नव्हती. पवार म्हटल्यावर कुणी खोदून विचारत नाही. एकदा खोलीतून मोबाईल गेला, तेव्हा पोपटराव सहज म्हणाला होता, गावाकडं असतं तर पारध्यांच्या पालावर पोलीस कधीच पोचले असते. शहाजी त्या दिवशी जेवला नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दोघं दुखानच्या वाटेवर, घरमालक अबू राशिदच्या वाळवंटातल्या तंबूवर टाकी बसवायला गेले. म्हाताऱ्याच्या ससाण्यानं नुकताच हुबारा पाडला होता. आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊच म्हणा. बिस्मिल्ला म्हणून म्हाताऱ्यानं सुरी फिरवली, पण स्वयंपाकी सुट्टीवर होता. पोपटरावानं छाती ठोकली: गावात बोकडापासून कोंबडीपर्यंत सगळं आपणच साफ करतो. आणि कोंबडी बुचकळतात तसा पक्षी बुचकळायला त्यानं पाण्याचा हंडा चुलीवर चढवला.

शहाजी पाण्याला येणारी उकळी बघत होता. या पक्ष्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. गरम पाण्यात गेली की पिसांबरोबर फाटून येणार. गप्प राहिलं तर पक्षी वाया, हात घातला तर हात बोलणार.

त्यानं पक्षी ओढून घेतला. अंगात ऊब होती तोवर छातीपासून कोरडी पिसं चिमटीचिमटीनं उपटली. गळ्याखालची दाण्याची पिशवी अख्खी काढली, पित्ताला धक्का लागू दिला नाही. मग काळीज वेगळं केलं आणि कुणी न सांगता ससाण्यापुढं धरलं.

अबू राशिद थबकला. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, शिकाऱ्याचा वाटा आधी, हे तुला शिकवलं कुणी?

शहाजी पोपटरावाकडं बघून मराठीतच म्हणाला, "बापानं. आम्ही फासेपारधी. तितर धरला की पहिला वाटा कुत्र्याचा."

पोपटरावानं हंड्याकडं बघितलं. पाणी आपलं उकळत होतं.

"मग लेका," तो म्हणाला, "मला पाणी कशाला तापवू दिलंस?"

"तुम्ही छाती ठोकली होती ना."

पोपटराव आधी हसला, मग शहाजी. म्हाताऱ्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला.

दुपारी एकाच मोठ्या ताटात भातावर हुबारा आला. आता जात कळली होती, म्हणून शहाजी आपणहून कडेला सरकला. पोपटरावानं त्याच्या मांडीला मांडी लावून बैठक मारली. मोबाईलच्या दिवसाबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. त्यानं छातीचा मऊ तुकडा तोडून शहाजीपुढं सारला.

"खा. आणि तितर कसा धरतात ते सांग."

शहाजी सांगायला लागला, तो अल वक्रा येईपर्यंत थांबला नाही.