शिसपेन्सिलीची सही

विजयदुर्गच्या बंदरावर बाबा मला बोटीवर घालायला आले, तेव्हा बोटीपर्यंत नेणाऱ्या पडाववाल्याशी भाड्याची घासाघीस मीच केली. बाबा नारळ विकायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून वाढलेलो. ते हसले. "मुंबयत सगळ्यांशी भांड रे झिला, पण आपल्या माणसाकडे कागद मागू नको."

आपला माणूस म्हणजे दाजीकाका, आमच्याच वाडीतले, परळच्या एका शाळेचे हेडमास्तर. वाडीत राहिलेले तुम्ही दर शिमग्याला त्यांना ओटीवर मानानं बसवता, म्हणून हे लिहितो. बोटीनं मुंबईला आलेल्यांनीही वाचावं.

गिरणीच्या कचेरीत कारकुनी करत मी बी. ए. झालो, मग मास्तरकीसाठी बी. टी.ला नाव घातलं. युनिव्हर्सिटीच्या नियमाप्रमाणे शाळेत थोडे सरावपाठ घेतले की भागत होतं. दाजीकाका म्हणाले, "कारकुनी सोड. वर्षभर माझ्याकडेच शिकव, जूनमधली जागा तुझी. मस्टरवर तूर्त शिसपेन्सिलीनं सही कर. निकाल लागला की वरून शाई फिरवू."

'लेखी द्याल?' हे शब्द ओठांवर आले होते. पण आपला माणूस! गिळले. नोकरी सोडली.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमचे एक मास्तर मोर्च्यात पकडले गेले, त्यांचा आठवीचा वर्ग माझ्या गळ्यात आला. लालबागची पोरं रस्त्यावर घोषणा देत होती. मलाही जायचं होतं. दाजीकाका म्हणाले, "तू जाऊ नको. तुझी जागा पक्की व्हायचीय." मी खिडकी लावून घेतली आणि भूमिती शिकवली. ती लाज अजून जात नाही.

जूनमध्ये त्या जागेवर शाळेच्या चेअरमनचा भाचा बसला होता.

"अरे, तू विद्यार्थी होतास," दाजीकाका म्हणाले. "नोकर कधी होतास?"

मी मस्टर ओढून उघडलं. माझ्या नावाची ओळ कोरी होती. रबरानं कागद इतका घासला होता की पलीकडचा उजेड दिसत होता. मी टेबलावर हात आपटला. ते शांतपणे म्हणाले, "आवाज खाली. गावाकडे कळेल."

मी ते गावाकडे कळू दिलं नाही. माझीच अब्रू राखतोय असं वाटलं, राखली त्यांची.

दादरच्या शाळेत लागलो तेव्हा मात्र एकेका अटीवर भांडलो: हुद्दा काय, रजा किती, कायम कधी, काढायचं तर नोटीस किती दिवसांची. सगळं लेखी, शाईत. आता बी. टी.ची मुलं शाळेत शिकवायला जाण्याआधी आपला अटींचा कागद मला दाखवून जातात. कागदच नसेल तर मी त्यांना परत पाठवतो.

दोन वर्षांनी घरी गेलो. बाबा म्हणाले, "खालची बाग तुझी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहून द्या."

बाबांनी शेजारून दौत-टाक मागवला. बागेचं लिहिलं आणि सही केली. वर फुंकर मारून शाई वाळवली, कागद माझ्या हातात दिला.

तो माझ्या ट्रंकेत आहे. घर म्हणून आता माझ्याकडे तेवढंच आहे, आणि त्यावरची सही कुणाला पुसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरावर सोडायला कुणी आलं नाही. पडाववाल्यानं सांगितलं तेवढं भाडं मी मुकाट दिलं.