हरलेल्या चौघांच्या चिठ्ठ्या

काचबिंदूने माझे डोळे गेले तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. एकदम गेले नाहीत. आधी कडा गेल्या, मग मधे नाण्याएवढा उजेड उरला होता तोही बुजला. त्यानंतरची दोन वर्षं मी अंबरनाथच्या घरात बसून काढली. बायको कामावर जायची, मुलगी कॉलेजला, आणि मी टीव्ही ऐकायचो. डोळे गेले की कान तीक्ष्ण होतात असं लोक मला कौतुकाने सांगत. काही होत नाहीत. कान तेच असतात, फक्त दुसरं काही करायला नसतं.

त्याआधी वीस वर्षं मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या खेळण्यांचे साचे घासून गुळगुळीत करायचो. तिथे माझ्या शेजारच्या मशीनवर एक सिंधी मित्र होता. त्याने पुढे स्वतःचा गाळा घेतला, थ्रीडी प्रिंटर बसवला आणि तो रेझिनचे छोटे छोटे शिपाई छापून विकायला लागला. एक दिवस तो घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "भाऊ, घरी बसून काय करतो तू? हात तर ठीक आहेत ना तुझे?"

छापताना या शिपायांना बारीक टेकू लागतात. टेकू तोडले की त्यांचे खुंट अंगावर राहतात, ते कानशीने घासून काढायचे. त्याने माझ्या तळहातावर एक शिपाई ठेवला. दीड इंचाचा. मी बोट फिरवलं तर चिलखताच्या कड्या लागल्या, कमरेची पाण्याची पिशवी लागली, एका बुटाची सुटलेली वादी लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी दाखवलं होतं. मित्रासमोर मी रडलो. तो म्हणाला, "अरे यार, नको करायचं तर नको करू."

काम घेतलं, आणि कामातून खेळ लागला. मित्र सांगायचा की बदलापूरला आठ जण महिन्यातून एका रविवारी सकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. प्लायवूडच्या फळीवर थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याची घरं, आणि दोन बाजूंना दोन फौजा. पट्टीने मोजून शिपाई सरकवायचे, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. आठांतला एक बंगळुरूला गेला होता, जागा रिकामी होती. मी म्हटलं, मला घेऊन चल.

तीन महिने तयारी केली. स्टीलच्या पट्टीला इंचाइंचावर खाचा पाडल्या. ठिपके खोल असलेले मोठे फासे मित्राने बनवून दिले. कोण कुठला ते बोटाला कळावं म्हणून शिपायांच्या पायाखालच्या चकत्यांवर मी दाणे चिकटवले: तिरंदाजांना मोहरी, घोडेस्वारांना मेथी, भालेवाल्यांना साबुदाणा. बायको म्हणाली, "फौज आहे का फोडणी?" पावसाळ्यात साबुदाण्याला मुंग्या लागल्या आणि माझे सगळे भालेवाले तिने गॅलरीत उन्हात नेऊन ठेवले. रविवारी विहारात यायचं सोडून हा लहान पोरांसारखा खेळायला जातो, हे तिला पटत नव्हतं. पण डबा तीच भरून द्यायची.

या खेळात एक नियम आहे. तिरंदाजाने बाण मारायचा तर समोरचा त्याला दिसला पाहिजे. म्हणून खेळणारा खाली वाकतो, डोळा फळीला लावतो आणि शिपायाच्या जागेवरून बघतो. मी जीन्स शिवायचा जाड दोरा घेतला. एक टोक माझ्या तिरंदाजाच्या डोक्यावर धरायचं, दुसरं शत्रूच्या छातीवर, आणि मधे दोरा कशाला अडतो का ते बोटाने चाचपायचं. मित्र यावरून माझ्याशी कडाकडा भांडायचा. "दोरा घराला लागतोय, भाऊ. नाही दिसत तुझ्या माणसाला. चीटिंग नको." मला कोणी 'तुझी चूक आहे' असं तोंडावर म्हटलंच नव्हतं, डोळे गेल्यापासून. सगळे आपले 'हो दादा, बरोबर दादा.' त्या भांडणाने मी दोन दोन दिवस खूश असायचो.

पण मला फक्त मित्राशी खेळायचं नव्हतं. शेजारच्या टेबलांवर लोक फाशावरून, अर्ध्या इंचावरून आरडाओरडा करत होते. त्या अनोळखी माणसांपैकी कोणीतरी माझ्यावर ओरडावं, एवढंच मला हवं होतं. त्यांच्या लेखी मी मित्राने आणलेला माणूस न राहता, त्यांना हरवू शकणारा किंवा त्यांच्याकडून हरणारा एक खेळाडू व्हावं.

जोड्या चिठ्ठ्यांनी लागायच्या. मागच्या वेळी हरलेल्या चौघांची नावं स्टीलच्या डब्यात जात, जिंकलेले चौघे एकेक चिठ्ठी काढत. नवा म्हणून पहिल्या महिन्यात मला हरलेल्यांत धरलं. माझी चिठ्ठी मित्र लिहायचा. मी त्याच्या वाट्याला आलो आणि हरलो. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तोच, पुन्हा हरलो. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या महिन्यात तेच. दर वेळी तो चिठ्ठी उघडून ओरडायचा, "अरे, परत तूच!" सगळे हसायचे, मीही हसायचो. आपलं नशीब एकमेकांना चिकटलंय म्हणायचो. काय मूर्ख माणूस होतो मी.

सहाव्या महिन्यात माझ्याच कोपराने तो डबा पडला. मी खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या. तीन चिठ्ठ्या सरळ दोन घड्यांच्या होत्या. चौथीचा कोपरा आत दुमडून नखाने दाबलेला होता. चारही परत डब्यात टाकल्या. मित्राने चिठ्ठी काढली, "अरे, परत तूच!" झालं. मी म्हटलं, दे जरा इकडे. कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि परत दिली. ही हाताने ओळखायची खूण त्याने माझ्यासमोर केली होती, मला दिसणार नाही म्हणून.

परत येताना स्कूटरवर मागून त्याला विचारलं. त्याने गाडी कडेला घेतली.

"पहिल्या टाइमला मी काही नाही केलं, भाऊ. कसम से. दुसऱ्याच्या हातात आली होती तुझी चिठ्ठी. त्याने वाचली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत आत टाकली."

"मी कुठे होतो?"

"बाजूलाच. हातात चहा होता तुझ्या."

म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं. मी त्यांच्या मधोमध उभा राहून चहा पीत होतो आणि आता आपलं नाव कोण पुकारतो याची वाट बघत होतो.

"वाईट माणसं नाहीत ती," मित्र म्हणाला. "तुझा एक गेम चार तास चालतो. प्रत्येक चाल झाली की पूर्ण टेबल चाचपतो तू. तो भालाही तुटला होता ना. एकच संडे मिळतो लोकांना. म्हणून मग कोपरा दुमडून पहिला हात मीच घालायला लागलो."

भाला तुटला होता हे खरं. पहिल्याच दिवशी एकाची रंगवलेली फौज हातात घेऊन बघताना माझ्याकडून एक भाला मोडला. दोन महिने रंगवत होता तो. लगेच म्हणाला, "काही नाही, काही नाही, होतं असं." त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मित्राला म्हटलं, पुढच्या वेळी माझी चिठ्ठी मी लिहिणार. सही करण्यापुरतं अक्षर अजून हातात आहे. तू कोपरा दुमडायचा नाहीस, चिठ्ठी सगळ्यांत शेवटी काढायचीस, आणि माझ्यासाठी तोंडही उघडायचं नाहीस. सहा महिने झाले, आता ओळखतात मला, सगळ्यांशी हसतो-बोलतो. बघू तर खरं.

पुढच्या महिन्यात मी नाव लिहिलं, सरळ दोन घड्या घातल्या आणि डब्याजवळ उभा राहिलो. चहा घेतला नाही. पहिल्याने हात घातला, चिठ्ठी उघडली. चालू असलेल्या गप्पा थांबल्या. कागद पुन्हा दुमडल्याचा आवाज मी ऐकला. मग डब्यात बोटं फिरली, दुसरी चिठ्ठी उघडली आणि त्याने दुसऱ्या कोणाचं तरी नाव मोठ्याने वाचलं. दुसऱ्या माणसाला पहिल्या फटक्यात वेगळं नाव मिळालं. तो हुश्श करून हसला. तिसरा तो, ज्याचा भाला मी मोडला होता. त्याने चिठ्ठी उघडली आणि कितीतरी वेळ हातात धरली. मला वाटलं, हा घेतो. मला खरंच वाटलं. मग कागदाची घडी पुन्हा पडली.

तोंडावर आलं होतं की आंधळा आहे, बहिरा नाही. पण तेवढं बोललो असतो तर पुढच्या महिन्यापासून घरी बसून टीव्ही ऐकायचा होता, आणि ते सगळे सुटले असते. शेवटी मित्राने डब्यात उरलेली एकच चिठ्ठी काढली. या वेळीही तो म्हणालाच, "अरे, परत तूच!" आणि मी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो, कारण ते माझ्याकडे बघत असणार. त्या दिवशीही मी हरलो.

आता माझी चिठ्ठी मीच लिहितो. दोन घड्या घालतो आणि डब्यात टाकायच्या आधी तिचा कोपरा आत दुमडून नखाने नीट दाबतो.