काचवाल्याची झाकली मूठ

आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये नुसती फळी होती. पलीकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नसे.

"तीन दिवस लंगडताय आणि म्हणे चप्पल चावली! टाचेत काच रुतलीय!" ही माझी भावजय.

"सांगितलं असतं तर कामावर जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही!"

"मग? झाकली मूठ सव्वा लाखाची."

हा माझा धाकटा भाऊ. जन्मभर खिडक्यांना काचा बसवल्या, म्हणून सगळे त्याला काचवालाच म्हणत. हिऱ्याच्या कलमाने एक रेघ ओढायचा, खालून टिचकी मारायचा, की काच सरळ दुभंगायची. धंदा आरपार दिसणाऱ्या वस्तूचा, पण स्वतःच्या पोटातलं कुणाला कळू द्यायचा नाही.

म्हातारपणी त्याच्या फुप्फुसात कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी नवं औषध सलाइनमधून सुरू केलं आणि आम्हा बहीणभावाला समोर बसवून समजावलं. अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावरच एक आवर, ब्रेकच म्हणा ना, बसवलेला असतो. आपल्याच अंगाच्या पेशीने तो दाबला की राखणदार हात आखडता घेतो. तो आवर नसता तर राखणदारांनी आपल्यालाच खाल्लं असतं. लबाड रोगही तोच आवर दाबून निवांत वाढतो. हे औषध आवर दाबूच देत नाही. मग राखणदार रोगावर तुटून पडतात, पण कधीकधी आतड्यावरसुद्धा.

"म्हणजे कुंपणच शेत खाणार," भाऊ हसला.

"हसू नका, काका. जुलाब झाले तर त्याच दिवशी सांगा. लवकर कळलं तर आवरता येतं, पुढे औषधही बहुधा देता येतं. उशीर झाला तर कायमचं बंद."

याने मान डोलवली. याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच: बंद!

पुढे एका पहाटे भावजय धावत आली. "ताई, जन्मात कपबशी न विसळलेला माणूस स्वतःची विजार धुतोय!"

मी मोरीत गेले. विजारीला रक्त होतं. कितीतरी दिवस चाललं होतं म्हणे.

"अरे गाढवा, बोलला का नाहीस?"

"औषध थांबवलं असतं गं, ताई. आणि शेजारचे म्हणाले, रोग बाहेर पडतोय."

"शेजारच्यांच्या जिभेला हाड नाही, आणि तुला डोकं!"

कुंपणाने शेत खाल्लंच होतं. दवाखान्यात राखणदारांना झोपवणारी औषधं भरमसाट द्यावी लागली. आतडं वाचलं. पण ते औषध कायमचं बंद झालं. जे वाचवायला तोंड शिवून बसला, तेच गेलं, तोंड शिवल्यामुळे. रोग काही महिने गप्प राहिला, मग उठला. मला आजही त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आता कुठे शोधू ते थोबाड?

त्याच्या शेवटच्या दिवसांत खालच्या शिंप्याच्या दुकानाची काच फुटली. मी म्हटलं, "दुसरा कुणीतरी बसवेल. दम लागतोय तुला."

"दुसरा कोपरे तिरके कापतो."

चौकट दोनदा मापली. रेघ, टिचकी. पायरीवर बसून धाप टाकली, पुन्हा उठला. काच धरून ठेवणारी ओली लांबी अंगठ्याने दाबत कडेकडेने गेला, फडक्याने बोटांचे ठसे पुसले.

"उद्यापर्यंत हात लावू नका," शिंप्याला दटावलं, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरी गेला.